डिसेंबरचा हिमालय, थोडा बर्फ आणि विंड स्लॅब: कोल्हापुरातून निघणाऱ्या गटांसाठी चर्चा

मसाई_पठार
१४ नोव्हेंबर, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी.

आमचा अकरा जणांचा गट डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात उत्तरकाशी जिल्ह्यात केदारकंठाला निघणार आहे. मिरजेहून गोवा एक्सप्रेसची तिकिटे काढून झाली आहेत, रजा मंजूर झाल्या आहेत आणि गेल्या रविवारी रंकाळ्यावरच्या बैठकीत सामानाची यादीही ठरली. त्याच बैठकीत मी हिमस्खलनाचा विषय काढला, तेव्हा सह्याद्रीत वीस वर्षे फिरलेल्या आमच्या एका ज्येष्ठ सोबत्यांनी सांगितले की हिमस्खलन ही फेब्रुवारी-मार्चची गोष्ट आहे, डिसेंबरात घोटाभर बर्फ असतो आणि त्यात माणूस वाहून जात नाही. सगळ्यांना ते पटले आणि विषय मागे पडला. मला मात्र तो मागे टाकता येत नाही, आणि त्याचे कारण गेल्या वर्षीचे आहे.

गेल्या डिसेंबरात मी दुसऱ्या एका गटाबरोबर त्याच भागातील कमी वर्दळीच्या एका वाटेवर होतो. दोन दिवस बर्फ पडला आणि तिसऱ्या दिवशी आकाश निरभ्र झाले. रात्रभर मात्र वारा इतका होता की तंबूचे कापड सतत फडफडत होते. सकाळी धारेच्या खालून आडवे जाताना माझ्या पायाखाली 'धप्प' असा दबका आवाज झाला, पोते जमिनीवर टाकल्यावर होतो तसा, आणि बर्फ दोन बोटे खाली बसल्याचे पायांना स्पष्ट जाणवले. त्याच क्षणी माझ्या बुटाच्या टोकापासून एक भेग निघाली आणि दोऱ्यासारखी सरळ आठ-दहा मीटर पुढे धावत गेली. वाटाड्याने हात वर करून सगळ्यांना जागेवर थांबवले, आलेल्या पावलांवरून एकेकाला परत फिरवले आणि त्या दिवशीची चढाई रद्द केली. परतण्यापूर्वी त्याने काठीने भेगेच्या कडेला खणून दाखवले: वर वीतभर जाडीचा, सुरीने कापता येईल असा घट्ट थर होता, आणि त्याच्या खाली, थेट गवताला लागून, हातात घेतल्यावर बोटांमधून सांडणारे जाड दाणे होते. साखरेचे पोते फुटावे तसे ते दाणे त्या कडेतून ओघळत राहिले.

शिखर हुकले म्हणून आमच्यातील काही जण दोन दिवस त्या वाटाड्याशी नीट बोलले नाहीत. मीही त्यांत होतो, आणि त्याची मला आजही खंत आहे. त्यानंतर वर्षभर मी या विषयाचे जमेल तेवढे वाचन केले आणि माझे मत असे झाले आहे की बर्फ थोडा आहे एवढ्यावरून धोकाही थोडा आहे असे मानता येत नाही. ज्यांनी रीतसर गिर्यारोहणाचे शिक्षण घेतले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. मी हा धागा गटातील सर्वांना वाचायला देणार आहे.

उत्तरेश्वर_पेठ
१४ नोव्हेंबर, रात्री १०.३५

आपला अनुभव मनापासून वाचला. तरीही शंका विचारतो, कारण ती माझ्यासारख्या अनेकांची असेल. वीतभर जाडीचा थर सुटला तरी त्याचे वजन ते किती असणार? शिवाय केदारकंठाला दर हिवाळ्यात इतकी माणसे जातात की वाट अक्षरशः मळलेली असते. ज्या उतारावरून सकाळपासून शंभर माणसे गेली, तो एकशे एकाव्या माणसाला दगा देईल हे मानायला मन तयार होत नाही.

राधानगरी_रान
१५ नोव्हेंबर, सकाळी ७.२०

मी उत्तरकाशीला बेसिक आणि नंतर ॲडव्हान्स अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. मी तज्ज्ञ नाही, पण जे शिकवले गेले आणि बर्फात खड्डे खणून डोळ्यांनी पाहिले, ते लिहितो.

आधी वजनाचे पाहू. वाऱ्याने दाबून बसवलेल्या बर्फाच्या एका घनमीटरचे वजन सहज २५० किलो भरते. वीस मीटर रुंद, दहा मीटर लांब आणि पाव मीटर जाड असा तुकडा सुटला, तर तो पन्नास घनमीटर, म्हणजे साडेबारा टन झाला. गळिताच्या हंगामात आपल्या रस्त्यावरून जाणारा उसाने भरलेला ट्रक डोळ्यांसमोर आणा. एवढे वजन उतारावरून खाली येते, आणि हा तुकडा लहानांपैकीच आहे. खाली घळ असेल तर सगळा बर्फ तिथेच साठतो आणि लहान सुटणेही माणसाला खोल गाडते. घळ नसली तरी सुरुवातीच्या हिवाळ्यात खडक, खोडे, झुडपे उघडीच असतात, त्यामुळे गाडला न जाताही माणूस त्यांवर आपटून जिवाला मुकतो.

आता मूळ प्रश्न. थोडा बर्फ अधिक कमकुवत का असतो, हे तापमानाच्या हिशेबावरून कळते. बर्फाखालची जमीन साधारण शून्य अंशाला असते. समजा वरच्या पृष्ठभागाचे तापमान रात्री उणे १५ झाले. बर्फाची जाडी दीड मीटर असेल, तर हा पंधरा अंशांचा फरक दीड मीटरभर पसरतो आणि दर दहा सेंटिमीटरला एक अंश येतो. जाडी तीसच सेंटिमीटर असेल, तर तोच फरक दर दहा सेंटिमीटरला पाच अंश होतो. दहा सेंटिमीटरला एक अंशाच्या वर फरक गेला की बर्फातली वाफ खालून वर सरकू लागते आणि कणांचे एकमेकांना धरून ठेवणारे सांधे झिजून जाड, कोनदार, सुटे दाणे तयार होतात. इंग्रजी पुस्तकांत त्याला 'डेप्थ होर' म्हणतात. आमचे प्रशिक्षक सरळ 'चिनी' म्हणत. मसाई_पठार यांच्या हातातून सांडलेली साखर तीच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडलेला बर्फ उत्तरेकडच्या सावलीच्या उतारांवर टिकून राहतो आणि निरभ्र थंड रात्रींमध्ये त्याची साखर होते. दक्षिणेकडच्या उन्हाच्या उतारांवर तो वितळून जातो, म्हणून तिथे डिसेंबरचा नवा बर्फ बहुधा उघड्या जमिनीवर पडतो. म्हणजे जिथे जुना बर्फ 'चांगला टिकून' दिसतो, नेमकी तीच जागा संशयाची असते.

या साखरेवर वारा आपला थर रचतो. त्यालाच 'विंड स्लॅब' म्हणतात. सुटा, कोरडा बर्फ उडवायला ताशी पंचवीस किलोमीटरचा वाराही पुरतो. कण एकमेकांवर आपटून मोडतात, बारीक होतात आणि जिथे वारा मंदावतो तिथे, म्हणजे धारेच्या वाऱ्याआडच्या उतारावर, घट्ट बसतात. आकाशातून पडणाऱ्या बर्फाच्या दहापट वेगाने वारा एखाद्या उतारावर बर्फ साठवू शकतो. त्यामुळे 'काल बर्फ पडलाच नाही' हे वाक्य सुरक्षिततेचा पुरावा होत नाही. निरभ्र आकाश आणि रात्रभर वारा, एवढ्यावर सकाळपर्यंत नवा थर उभा राहतो.

मळलेल्या वाटेबद्दल. थर सगळीकडे सारख्या जाडीचा नसतो. मध्ये तो जाड असतो, तिथे माणसाचे वजन खालच्या साखरेपर्यंत पोचतच नाही. कडेला, विशेषतः बर्फातून डोके काढलेल्या खडकांजवळ, तो पातळ असतो आणि तिथे एका पावलाने खालचा थर मोडतो. एकदा मोडला की ती मोडतोड थराखालून क्षणात पसरते. शंभर माणसे जाड भागावरून गेली आणि पुढचा माणूस फोटोसाठी चार पावले बाजूला गेला, तर फरक त्या चार पावलांचा असतो. माणसे सापडतात त्या हिमस्खलनांपैकी बहुसंख्य त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्यांनी सुरू केलेली असतात.

बांधकाम_कसबा_बावडा
१५ नोव्हेंबर, दुपारी १.०५

माझा व्यवसाय बांधकामाचा आहे, त्यामुळे 'स्लॅब' या शब्दापाशी थांबलो. राधानगरी_रान यांचे वर्णन वाचून मला सेंट्रिंगची आठवण झाली. ओतलेला स्लॅब वरून कितीही सपाट आणि मजबूत दिसला, तरी तो खालच्या टेकूंवर उभा असतो. मधले दोन टेकू घसरले तर भार शेजारच्यांवर जातो, ते घसरले की त्यांच्या शेजारच्यांवर, आणि सगळा स्लॅब एकदम बसतो. इथे साखरेचे दाणे म्हणजे टेकू असे समजणे योग्य ठरेल का?

राधानगरी_रान
१५ नोव्हेंबर, दुपारी २.४०

अगदी योग्य ठरेल, आणि मी यापुढे समजावताना हेच उदाहरण वापरीन. एक फरक मात्र लक्षात ठेवावा. काँक्रीट दिवसागणिक पक्के होत जाते. वाऱ्याचा थर साध्या बर्फावर बसला असेल तर तोही थोड्या दिवसांत खालच्या बर्फाला धरतो. पण तो साखरेवर बसला असेल तर थंडीत तो कमकुवतपणा कित्येक आठवडे टिकतो. म्हणून 'बर्फ पडून चार दिवस झाले, आता चिंता नाही' हा हिशेब डिसेंबरात भरवशाचा नाही.

गगनबावडा_घाट
१५ नोव्हेंबर, सायंकाळी ६.५०

माझी एक मूलभूत शंका आहे. आपल्याकडे पावसाळी वारे समुद्राकडून येतात, गगनबावड्याला धो धो कोसळतात आणि घाटमाथा ओलांडून पूर्वेला जावे तसा पाऊस कमी होत जातो. मग वाऱ्याच्या तोंडावरच्या उतारावर बर्फ जास्त आणि मागच्या बाजूला कमी, असेच व्हायला हवे ना? आपण उलट सांगत आहात.

राधानगरी_रान
१५ नोव्हेंबर, रात्री ८.१५

हा प्रश्न कोल्हापूरच्या माणसालाच पडावा असा आहे, आणि इथेच आपला सह्याद्रीचा सराव आपल्याला चुकीकडे नेतो. संपूर्ण डोंगररांगेचा विचार केला तर आपले म्हणणे हिमालयातही खरे आहे. पण एका धारेपुरते पाहिले तर उलट घडते, कारण पडून गेलेला पाऊस वारा पुन्हा उचलत नाही आणि बर्फ उचलतो. वाऱ्याच्या तोंडावरची बाजू तो खरवडून काढतो. तिथे खडक, गवत किंवा लाटांसारखा कोरलेला टणक बर्फ दिसतो. धार ओलांडताच वारा मंदावतो आणि उचललेले सगळे वाऱ्याआडच्या उतारावर टाकतो. आपल्याला गारठ्यात चालताना वारा नकोसा होतो, म्हणून पाय आपोआप त्या आडोशाच्या बाजूला वळतात. मऊ दिसणारा, गुळगुळीत, किंचित फुगलेला तो उतारच स्लॅबचा असतो.

धारेच्या कडेला वळचणीसारखा पुढे आलेला बर्फाचा छज्जा दिसला, तर तो ज्या बाजूला झुकला आहे ती वाऱ्याआडची बाजू. काठी आपटल्यावर ढोलासारखा पोकळ आवाज येणे, पावलाभोवती भेगा पडणे आणि तो 'धप्प' आवाज, ही लक्षणे दिसली की चर्चा न करता मागे फिरायचे. गेल्या वर्षी त्या वाटाड्याने नेमके तेच केले.

उताराचा कोनही मोजायला शिका. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर बहुतेक स्लॅब सुटतात आणि त्यांतही अडतीसच्या आसपास सर्वाधिक. मोबाइलमध्ये कोन मोजण्याची सोय असते. मी शिवाजी पेठेतील आमच्या जुन्या घराचा माडीचा जिना मोजला, तो अडतीस अंश भरला. आता कोणताही बर्फाचा उतार पाहिला की मी तो जिना आठवतो. आणि आपण स्वतः सपाटीवर असलो तरी डोक्यावर तसा उतार असेल तर तिथे डबा खायला बसू नये.

शाहूपुरी_आई
१६ नोव्हेंबर, सकाळी ११.२५

मी स्वतः ट्रेकर नाही. माझी मुलगी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि मैत्रिणींबरोबर याच डिसेंबरात अशा एका ट्रेकला निघाली आहे. हा धागा वाचून माझी रात्रभर झोप झाली नाही. तिला अडवावे का, एवढेच मला सांगा. पहाटे तीन वाजता शिखराकडे निघायचे असते असे ती म्हणते, आणि पहाटे बर्फ गोठलेला असल्यामुळे ते सुरक्षित असते असे तिला आयोजकांकडून सांगण्यात आले आहे.

मसाई_पठार
१६ नोव्हेंबर, दुपारी १२.३०

काकू, आपल्याला घाबरवण्याचा हेतू मुळीच नव्हता. केदारकंठाची नेहमीची हिवाळी वाट बरीचशी दाट जंगलातून जाते आणि दाट झाडीत थर सहसा सुटत नाही. प्रश्न येतो तो झाडी संपल्यानंतरच्या, ३८०० मीटरच्या शिखराजवळच्या उघड्या उतारांचा. तिला अडवू नका, पण आयोजकांना तीन प्रश्न विचारायला सांगा: शिखराच्या दिवसाला जोडून राखीव दिवस आहे का, मागे फिरण्याचा निर्णय कोणाचा असतो, आणि आदल्या दोन दिवसांतला वारा कोण नोंदवतो. उत्तरे टाळाटाळीची आली तर दुसरा गट शोधावा.

राधानगरी_रान
१६ नोव्हेंबर, दुपारी ३.१०

काकूंनी विचारलेल्या पहाटेच्या मुद्द्याबद्दल स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक आहे, कारण हा गैरसमज फार पसरलेला आहे. पहाटे निघण्याचा नियम एप्रिल-मेच्या ओल्या बर्फाचा आहे. तेव्हा दिवसा उन्हाने बर्फ भिजतो आणि रात्री गोठून घट्ट होतो, म्हणून सूर्य वर येण्याआधी परतायचे असते. डिसेंबरातील वाऱ्याच्या कोरड्या थराला हा नियम लागू होत नाही. तो पहाटे तीनला जितका धोकादायक असतो तितकाच सकाळी नऊलाही असतो. उलट अंधारात छज्जा दिसत नाही, कोरलेल्या लाटा दिसत नाहीत आणि समोरच्या उतारावर रात्री काही सुटले आहे का तेही दिसत नाही. शिखरावरून सूर्योदय पाहण्याचा आनंद मी नाकारत नाही, पण बर्फानंतर वारा सुटला असेल तर उजाडल्यावरच निघावे असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तरेश्वर_पेठ
१६ नोव्हेंबर, रात्री ९.००

माझी वजनाची आणि वाटेची शंका फिटली, त्याबद्दल आभार. 'फेब्रुवारी-मार्चची गोष्ट' हा मुद्दा मात्र राहिला. हिवाळा पूर्ण सुरू होण्याआधीच्या प्रत्यक्ष घटना आहेत का?

राधानगरी_रान
१६ नोव्हेंबर, रात्री १०.२०

दुर्दैवाने आहेत. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशी जिल्ह्यातील द्रौपदी का दांडा-२ या शिखरावर नेहरू गिर्यारोहण संस्थेचा ॲडव्हान्स अभ्यासक्रमाचा गट हिमस्खलनात सापडला. सत्तावीस मृतदेह मिळाले आणि दोघांचा शोध लागला नाही. मृतांमध्ये प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरे अवघ्या सोळा दिवसांत सर केली होती. आम्ही ज्या संस्थेत दोर बांधायला शिकलो तिथली ही माणसे. त्याविषयी याहून जास्त लिहिण्याचे बळ माझ्यात नाही. अनुभव कमी होता असे त्यांच्याबद्दल कोणी म्हणू शकणार नाही, एवढेच नमूद करतो.

त्याआधी, ऑक्टोबर २०१४ मध्ये, विशाखापट्टणमला धडकलेल्या हुडहुड चक्रीवादळाचे अवशेष नेपाळपर्यंत पोचले आणि अन्नपूर्णा परिसरात, थोरांग ला खिंडीच्या वाटेवर, हिमवादळ व हिमस्खलनांनी चाळीसहून अधिक माणसे गेली. ऑक्टोबर हा तिथला ट्रेकिंगचा ऐन हंगाम असतो. बंगालच्या उपसागरातले वादळ हिमालयात बर्फ होऊन पडू शकते, म्हणून निघण्यापूर्वी केवळ डोंगरातले हवामान पाहून भागत नाही.

गडहिंग्लजकर
१७ नोव्हेंबर, सकाळी ८.४५

आमचा गट ट्रान्सीव्हर भाड्याने घेण्याच्या विचारात आहे. ते घेतल्यावर पुरेशी सुरक्षितता मिळते का?

राधानगरी_रान
१७ नोव्हेंबर, दुपारी १.५०

ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवर संदेश सोडतो आणि सोबत्यांना गाडलेल्या माणसाची जागा दाखवतो; तो स्लॅब सुटायचे थांबवत नाही. युरोपातील नोंदी असे सांगतात की पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी दहातले नऊ जगतात आणि अर्ध्या तासानंतर ते प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास येते. मदतपथक एवढ्या वेळात पोचत नाही, म्हणजे काढणारे आपणच. त्यासाठी प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर, शोधकाठी आणि फावडे अशा तिन्ही वस्तू हव्यात आणि हाताला सराव हवा. खाली आलेला बर्फ नुसत्या हाताने उकरता येत नाही, तो थांबल्याबरोबर घट्ट होतो. सराव कोल्हापुरातही होतो: एकाने पिशवीत चालू ट्रान्सीव्हर ठेवून ती मसाई पठारावरच्या गवतात लपवावी आणि दुसऱ्याने घड्याळ लावून शोधावी. आम्ही केले तेव्हा पहिल्या वेळी आम्हाला चौदा मिनिटे लागली.

चंडीगडची डीजीआरई ही संस्था हिवाळ्यात उत्तराखंड, हिमाचल, जम्मू-काश्मीर आणि लडाखसाठी हिमस्खलनाचा इशारा पाच पातळ्यांत देते. तो जरूर पाहावा, मात्र तो संपूर्ण जिल्ह्याचा असतो. आपल्या पायाखालच्या उताराचा निर्णय आपल्यालाच घ्यावा लागतो.

मसाई_पठार
२० नोव्हेंबर, रात्री ९.४०

आज पुन्हा रंकाळ्यावर बैठक झाली. हा धागा सर्व जण वाचून आले होते. ज्येष्ठ सोबत्यांनी स्वतःहून विषय काढला आणि सांगितले की त्यांचा अंदाज सह्याद्रीच्या सवयीतून आलेला होता. एका परातीत साखर पसरून, तिच्यावर गुळाची पातळ वडी ठेवून आम्ही परात हळूहळू तिरकी केली. वडी बराच वेळ हलली नाही. एकाने कडेला बोटाने टकटक केले आणि ती अखंड सरकून खाली आली. त्यानंतर कोणाला फार समजवावे लागले नाही.

परतीची तिकिटे एक दिवस पुढची करून घेतली आहेत, म्हणजे राखीव दिवस मिळाला. शिखराकडे उजाडल्यावर निघायचे, उघड्या उतारावर एका वेळी एकानेच जायचे आणि बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्याकडे पाहत राहायचे, असे ठरले. वाटाड्याने किंवा अकरापैकी कोणीही एकाने परत म्हटले की सर्वांनी परत फिरायचे, त्यावर मतदान होणार नाही. गेल्या वर्षीच्या वाटाड्याला मी आज फोन केला. त्याने सांगितले की त्यांच्याकडे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात थोडा बर्फ पडून गेला, तो सावलीत अजून आहे आणि रात्री आकाश निरभ्र असते.

आमच्याकडे फावडी आठच झाली आहेत. कोणाकडे घडीची ॲल्युमिनियमची तीन फावडी महिन्याभरासाठी मिळण्यासारखी असतील तर कृपया निरोप करावा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.